लघवी आवरण्याचा प्रकल्प: मजगावातली नोंदवही

४ ऑगस्ट २०२४, रविवार

जुलैभर बेळगावचा पाऊस थांबला नाही आणि माझा खोकलाही. गेल्या मंगळवारी कारखान्याच्या जिन्यावर उबळ आली आणि सलवार ओली झाली. कामाची उरलेली शिफ्ट मी रेनकोट अंगावर ठेवून काढली. कुणी काही विचारलं नाही, पावसाळ्यात रेनकोट कुणाला खटकत नाही. पण घरी येऊन न्हाणीत बसले तेव्हा ठरवलं, आता पुरे.

धाकटा झाला त्याला सतरा वर्षं झाली. पोर पावणेचार किलोचं, कळा दीड दिवस, टाके पुष्कळ. तेव्हापासून शिंक आली, सिलिंडर सरकवला, स्कूटर खड्ड्यातून गेली की थेंब दोन थेंब सुटायचे. आता थेंबांवर भागत नाही. आठ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात सांगितलं होतं, "पिशवी काढून टाका, सगळं बंद होईल." मी तेव्हा अडतीस वर्षांची. काढली नाही, ती केवळ भीतीपोटी. गर्भपिशवी काढणं हा खोकताना लघवी सुटण्यावरचा इलाजच नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या ओळखीतल्या किती जणींना ते अजूनही कळलेलं नाही.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तपासणी विभागात आहे. दिवसभर बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं), मायक्रोमीटर, प्रेशर गेज हातात असतात. जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, खराब निघाला की आम्ही आधी मोजतो, मग कारण शोधतो. स्वतःच्या शरीराचं मी सतरा वर्षांत काहीच मोजलं नाही. म्हणून ही वही. मुदत बारा आठवडे धरते, पुढे लागलं तर बघू.

६ ऑगस्ट, मंगळवार

शहरात एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, त्या बायकांच्या याच तक्रारी बघतात. दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि अर्धा तास नुसतं विचारत होत्या. बाळंतपणं किती, बद्धकोष्ठ आहे का, उचलायचं काम किती, पाणी किती, चहा किती, दुखतं का, जळजळतं का. इतकं नीट मला या बाबतीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहून ठेवते. पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय या झोळीच्या आधारावर बसलेले. खोकलो की पोटातला दाब वरून झोळीवर आदळतो. झोळी वेळेवर आवळली तर मूत्रनळी दाबून बंद राहते, ढिली राहिली तर सुटते. ही झाली दाबाची गळती. दुसरी घाईची: एकदम जोरात लागते आणि मोरीपर्यंत पोचवत नाही. माझी बरीचशी पहिली, थोडी दुसरी.

लघवी तपासायला दिली, कारण आत संसर्ग असला तर आधी तो बरा करायचा. मग माझी परवानगी घेऊन हातमोजा घालून बोटाने तपासलं. "गॅस आवरता तसं आणि लघवी थांबवता तसं, दोन्ही मिळून वर ओढा." निकाल असा: ताकद ५ पैकी २, धरून ठेवता येतं ३ सेकंद, तसं ४ वेळा, झटपट आवळणं ६ वेळा. वहीत चौकट आखून लिहिलं: २, ३, ४, ६. हे माझं आरंभीचं माप.

तीन दिवस लघवीची नोंद ठेवायला सांगितलंय.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

तीन दिवसांची नोंद झाली. मोजायला प्लॅस्टिकचा मापाचा मग घेतला, तो न्हाणीच्या फळीवर वेगळा ठेवलाय आणि घरात सगळ्यांना सांगून टाकलंय की त्याला हात लावायचा नाही.

दिवसाला सरासरी अकरा वेळा. सगळ्यात कमी ९० मि.ली., सगळ्यात जास्त ३८० मि.ली. म्हणजे मूत्राशयात जागा आहे, पण ते भरायच्या आधीच मी पळते. घरातून निघताना एकदा, कारखान्यात पोचल्यावर एकदा, बाजारात जायच्या आधी एकदा. न लागता जायची सवय मूत्राशयाला लागली आणि आता ते थोड्यावरच हाक मारतं.

आणखी एक गोष्ट कागदावर आल्यावर दिसली. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात पाणी दोन ग्लास, चहा चार कप. बायकांचं संडास दुसऱ्या शेडच्या टोकाला, म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. वर बद्धकोष्ठ, मग कुंथणं, आणि त्याने तीच झोळी आणखी खाली ताणली जाते. हे चक्र आमच्या शॉपमधल्या प्रत्येक बाईचं आहे. लघवीच्या तपासणीत संसर्ग नाही निघाला.

११ ऑगस्ट, रविवार

पॅडची परीक्षा. एक तासाची ठरलेली पद्धत आहे. कोरडं पॅड वजन करून लावायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, थोडं बसायचं, अर्धा तास चालायचं, त्यात एक मजला चढून उतरायचा. शेवटच्या पाव तासात दहा वेळा बसून उठायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, मिनिटभर जागेवर धावायचं, पाच वेळा वाकून जमिनीवरचं काही उचलायचं, मिनिटभर वाहत्या पाण्यात हात धुवायचे. मग पॅडचं पुन्हा वजन. एक ग्रॅमपर्यंत घामाचं म्हणून सोडतात, त्याहून जास्त भरली तर गळती.

स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमचा, त्याच्यावर भरवसा नाही. मावसभावाचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्याकडून जुना काटा मागून आणला, ०.१ ग्रॅम दाखवतो. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही. पॅड झाकणाच्या पिशवीत घालून दोन्ही वेळा वजन केलं, म्हणजे मधे वाळायला नको.

११.४ ग्रॅम.

१७ ऑगस्ट, शनिवार

झोळीचा दाब मोजायचं यंत्र आलं. हातात मावणारा डिजिटल गेज, त्याला सिलिकॉनची नळी, नळीच्या टोकाला बोटापेक्षा जाड मऊ फुगा. तो योनीमार्गात ठेवायचा, थोडी हवा भरायची आणि झोळी आवळली की आकडा वर जातो. आकडा सेंटिमीटर पाण्यात, म्हणजे तो दाब पाणी किती सेंटिमीटर वर उचलेल ते. दुसऱ्या जातीची यंत्रं स्नायूतली वीज मायक्रोव्होल्टमध्ये दाखवतात. मॅडमनी दोन्ही समजावली, मी दाबाचं घेतलं कारण दाब मला कळतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली अशाच हवेच्या फुग्याला दाबाचा काटा जोडला आणि त्याला पेरिनिओमीटर नाव दिलं. 'केगलचे व्यायाम' हे नाव जगभर झालं, पण केगल यांचा भर काट्यावरही तितकाच होता, ते मागे पडलं. दिसत नाही तो स्नायू बाईला दिसावा, ही त्यांची धडपड होती.

नवा गेज हातात आला की मी तो तपासल्याशिवाय वापरत नाही, मग हाच का सोडू? गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक पाइप घेतली, यू आकारात वाकवून फळीला बांधली, निम्मी पाण्याने भरली. यंत्राची नळी तीनतोंडी जोडाने तिला जोडून हळूहळू हवा भरली. दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सें.मी. फरक, गेजवर १०. वीसला २०. चाळीसला ३९. नळी चिमटून पाच मिनिटं ठेवली, आकडा पडला नाही. गेज पास.

धाकटा विचारत होता, "आई, हे काय करायलीस?" मी खरं सांगितलं. बाळंतपणात आतला स्नायू सैल पडतो, त्याचा व्यायाम करायचा आहे, त्याचं मोजमाप. तो 'बरं' म्हणाला आणि पाइप धरायला बसला.

२४ ऑगस्ट, शनिवार

आठवडा झाला. रोज तीनदा, पाठीवर झोपून, गुडघे वर. आधी गेज शून्यावर, मग फुगा पाण्याच्या जेलने ओला करून आत, ठरलेली हवा, मग आरामातला आकडा लिहायचा, मग आवळायचं.

रविवार २४. सोमवार २६. मंगळवार २९. गुरुवार ३५. आज ४१!

एका आठवड्यात जवळपास पावणेदोनपट. मंगळवारी मॅडमना वही दाखवायची आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

ही नोंद लांबणार.

मॅडमनी वही बघितली, काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्र लावून करून दाखवा." मी केलं, ४२ आला. त्यांनी एक हात माझ्या बेंबीखाली ठेवला. "आता पुन्हा." पुन्हा ४०. "आता श्वास सोडत सोडत करा, आणि पोट माझ्या हाताखाली कडक होऊ देऊ नका."

आकडा ८.

तीनदा केलं. ८, ९, ८.

मग त्यांनी आरसा दिला. मी माझ्या पद्धतीने जोर लावला तेव्हा नळीचं बाहेरचं टोक बाहेर सरकत होतं. बरोबर आवळलं तर ते आत ओढलं गेलं पाहिजे. मी दहा दिवस झोळी वर ओढत नव्हते, श्वास कोंडून वरून तिच्यावर दाब टाकत होते. फुग्याला काय, दाब बाजूने आला की वरून आला हे कळत नाही. तो दाबला गेला, गेजने आकडा दाखवला. गेज अचूक होता. मी जे मोजतेय असं समजत होते ते मोजलं जात नव्हतं.

कामावर हे मी पोरांना शिकवते. बोअर गेज तिरका बसला की आकडा येतो, स्वच्छ येतो, पुन्हा पुन्हा तोच येतो, आणि तरी चूक असतो. म्हणून आकड्याआधी बसवणूक बघा. तेच माझ्याकडून राहिलं. मला घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं, कारण दहा दिवस मी नुसते वाया घालवले नाहीत, जे दुरुस्त करायचं तेच रोज तीनदा खाली ढकललं.

मॅडम म्हणाल्या, हे तुमचं एकटीचं नाही. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना नुसतं तोंडी समजावून आवळायला सांगितलं आणि दाब मोजून बघितलं. जेमतेम निम्म्यांना नीट जमलं. चौथा हिस्सा बायका असं करत होत्या की त्याने गळती उलट वाढावी. म्हणजे "केगल कर" असं फोनवर सांगून भागत नाही. कुणीतरी जाणत्याने एकदा तरी तपासायला हवं. हे मी या वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे, आणि ही वही जिच्या हातात पडेल तिने हे एवढं तरी वाचावं.

नवे नियम, यंत्राच्या डबीवर चिकटवले: डावा हात बेंबीखाली. मोठ्याने एक-दोन-तीन मोजायचं, म्हणजे श्वास कोंडता येत नाही. मांड्या आणि ढुंगण सैल. नळीचं टोक आत जातंय का ते बघायचं. यातलं एक जरी चुकलं तर तो आकडा लिहायचा नाही.

जुन्या आठवड्याच्या आकड्यांवर काट मारली.

३१ ऑगस्ट, शनिवार

८, ९, ९, १०. तीन सेकंद धरते, मग सहा सेकंद पूर्ण सोडते. सोडणंही गेजवर बघायचं, आकडा आरामाच्या जागी परत आला पाहिजे. माझा दोन आकडे वर अडकतो. पूर्ण सैल करणं आवळण्यापेक्षा अवघड जातंय.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

एकदाच झालं, तेही रात्री अकराला. ११.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज मॅडमनी नवीन शिकवलं. खोकला, शिंक, उचलणं, यांच्या क्षणभर आधी आवळून धरायचं आणि ते संपेपर्यंत सोडायचं नाही. ताकद वाढायला महिने लागतात, पण ही वेळ साधणं काही दिवसांत जमू शकतं आणि तेवढ्यानेही गळती कमी होते.

सरावाला शिंक आणायची कुठून? संध्याकाळी आमटीला मिरचीची फोडणी दिली तेव्हा ठसका यायच्या आधी ओट्याला धरून आवळलं. दोन ठसके कोरडे गेले. तिसऱ्याला उशीर झाला.

कारखान्यातही सुरू केलं. कास्टिंगची ट्रे उचलण्याआधी: श्वास सोड, वर ओढ, मग उचल.

१७ ते २० सप्टेंबर, अनंत चतुर्दशीपासून

विसर्जनाची मिरवणूक. बहिणीच्या पोरींना घेऊन रात्रभर रामलिंगखिंड गल्लीच्या बाजूला उभी होते. जायला जागा नाही म्हणून दुपारपासून पाणीच प्यायले नाही. पहाटे घरी आले तेव्हा लघवी जळजळत होती. सगळं माहीत असून केलं. एवढ्या मोठ्या गर्दीत बायकांसाठी चार स्वच्छ संडास उभे करणं अवघड नाही, ते केले पाहिजेत. तोवर तहान मारायची पाळी बायकांवर येतच राहणार.

दोन दिवस भरपूर पाणी प्याले, जळजळ गेली. गेली नसती तर लघवी पुन्हा तपासायची होती. तेवढे दिवस यंत्र बंद ठेवलं.

२२ सप्टेंबर, रविवार

निपाणीला. बाबांचा म्हाळ. यंत्र नेलं नाही, प्रवासात बिनयंत्राचा व्यायाम केला. बसमध्ये बसून करता येतो, कुणाला कळत नाही.

जेवणं झाल्यावर अक्का आणि शेजारच्या दोघी सोप्यात विड्या वळायला बसल्या. मांडी घालून, मांडीवर सूप, तासन्‌तास. तंबाखूच्या धुरळ्याने तिघींनाही खोकला, तो वर्षानुवर्षांचा. मी विचारलं, खोकताना काही होतं का? आधी कुणी बोललं नाही. मग अक्का म्हणाली, "होतंय की गे. सगळ्यांचंच होतंय. बाईचा जन्म म्हटल्यावर चालायचंच." शेजारची म्हणाली, ती आत जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवते आणि दिवसातून तीनदा बदलते. विडीच्या हिशेबात तेवढ्या वेळाच्या विड्या कमी भरतात, हेही तिनेच सांगितलं.

नेहमीचा खोकला हा या झोळीवर रोजचा घाव आहे. नुसता व्यायाम सांगून मी त्यांचा खोकला थांबवू शकत नाही. पण आवळायची वेळ तरी सांगू शकते. म्हणून जमिनीवर चटई टाकली, तिघींना झोपवलं, हात बेंबीखाली ठेवायला लावला. शेजारची दुसरी कन्नड बोलणारी, तिला अक्काने सांगितलं, "मेलक्क एळि... बिडु." वर ओढ, सोड. 'बिडु' म्हटल्यावर ती इतकी छान सैल झाली की माझ्या लक्षात आलं, मला स्वतःला सोडायला कुणी असं सांगितलंच नव्हतं. आता घरी मीही मनात 'बिडु' म्हणते.

अक्काने विचारलं, तुझं मशीन आणून दे की आठ दिवस. नाही देता येत. फुगा एकीचा एकीनेच वापरायचा, धुतला तरी. तिला मॅडमचा पत्ता लिहून दिला. ती बेळगावला येईल की नाही, मला खात्री नाही. एक दिवसाची मजुरी आणि बसचं तिकीट.

६ ऑक्टोबर, रविवार

पॅडची दुसरी परीक्षा, तीच पद्धत, तोच काटा, तेवढंच पाणी: ५.८ ग्रॅम.

दाब १४. धरून ठेवणं ६ सेकंद, ६ वेळा. झटपट १०. चहा दोन कपांवर आला, पाणी कारखान्यात पाच ग्लास. न लागता जाणं बंद केलं. आधी दोन तासांनी, आता अडीच तासांनी. मधे घाईची हाक आली तर पळायचं नाही, जागेवर थांबून पाच-सहा वेळा भराभर आवळायचं, लाट ओसरली की मग सावकाश चालत जायचं. आता दिवसाला आठ वेळा होतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी लिहून ठेवते. एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तीनदा मोजलं तरी माझ्या आकड्यात दोनाचा फरक पडतो. म्हणून १३ चा १४ झाला यात काही नाही, ८ चा १४ झाला यात आहे. आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी माझा आकडा ताडून बघायचा नाही. फुग्याचा आकार बदलला की माप बदलतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसऱ्याच्या सुट्टीत जोर केला, दिवसातून सहा-सहा वेळा. परवापासून माकडहाडाजवळ आणि ओटीपोटात दुखतंय, शौचालाही अडतंय. आरामातला आकडा चार वर.

मॅडम म्हणाल्या, जास्त झालं. हाही स्नायूच आहे, दमला की आखडतो. आखडलेला स्नायू गळतीच्या वेळी नीट चालत नाही. काही जणींचा मुळातच आखडलेला असतो, त्यांना दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, आणि त्यांनी आवळण्याचे व्यायाम केले तर त्रास वाढतो. त्यांना आधी सोडायलाच शिकवावं लागतं. आठ दिवस आवळणं बंद. फक्त गेज लावून पडून राहायचं, पोटात खोल श्वास घ्यायचा आणि आकडा खाली येताना बघायचं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

या आठ दिवसांत यंत्राची मला सगळ्यात जास्त मदत झाली असं वाटतं. श्वास आत घेताना झोळी खाली उतरते, सोडताना वर येते, हे नुसत्या अंगाला कळत नव्हतं. गेजवर ते एका आकड्याचं हेलकावणं दिसतं. एका रात्री वीस मिनिटं तेच बघत पडून राहिले.

२७ ऑक्टोबर, रविवार

येळ्ळूरला, आत्तींकडे. भात कापणीवर आलंय. आत्ती त्रेसष्टच्या, अजून वैरणीचा भारा डोक्यावर.

मी व्यायामाला माडीवर गेले तर त्या मागून आल्या. "ते कशाला गे?" सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीतून राजहंसगडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं अंग बाहेर येतंय. वीस वर्षं झाली. आत सारते आणि कामाला जाते."

वीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं आणि मला माहीत नव्हतं. मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

इतकं खाली आलेलं अंग माझ्या यंत्राने वर जाणार नाही, ते मला ठाऊक आहे आणि मी तसं त्यांना सांगितलं. पण डॉक्टर आत बसवतात ती सिलिकॉनची रिंग असते, ऑपरेशनशिवाय आधार देते, ठरावीक काळाने काढून धुऊन पुन्हा बसवायची. कुणाला चालते, कुणाला नाही, ते तपासल्यावर कळतं. आत्ती म्हणाल्या, सुगी झाल्यावर बघू. मी म्हटलं, सुगीच्या आधी. भारा या वर्षी तुम्ही उचलायचा नाही. हे मी त्यांच्या लेकालाही त्यांच्यासमोरच सांगितलं. तो गप्प झाला, मग उद्यापासून गडी लावतो म्हणाला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काळा दिवस (सीमाभाग कर्नाटकात घातल्याचा निषेध) आणि लक्ष्मीपूजन एकाच तारखेला. माझे यजमान काळे कपडे घालून सकाळीच बाहेर. मी झाडू-रांगोळीच्या आधी व्यायाम उरकला. १६.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आत्तींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. रिंग बसली. बाहेर आल्यावर त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, दोन पावलं चालल्या, पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, "हलकं वाटतंय की."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्र आल्यापासून बारा आठवडे झाले. मॅडमची तपासणी: ताकद ५ पैकी ४, ८ सेकंद, ८ वेळा, झटपट १०. ऑगस्टच्या चौकटीशेजारी नवी चौकट आखली.

आज मी त्यांना थेट विचारलं, यातलं यंत्राचं किती? त्यांनी लपवलं नाही. ब्रिटनमध्ये ६०० बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. निम्म्या जणींना फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम, निम्म्यांना तोच व्यायाम आणि जोडीला बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूचं काम यंत्रावर डोळ्यांनी बघणं, दवाखान्यात आणि घरीही. दोन वर्षांनी गळती बघितली तर दोन्ही गटांत फरक नाही. सुधारल्या दोन्हीकडच्या.

मी तिकडून निघून टिळकवाडीच्या रस्त्याने चालत आले, विचार करत. पैसे घातलेत म्हणून यंत्राची बाजू घ्यायची नाही, एवढं नक्की. माझा हिशेब असा. पहिले दहा दिवस यंत्राने मला फसवलं नाही, पण एकटीने वापरल्यामुळे मी फसले. मॅडमचा हात पोटावर आल्यावर तेच यंत्र खरं बोलायला लागलं. मग महिनाभर त्याने मला स्नायू दाखवला, ऑक्टोबरात सोडायला शिकवलं. पुढची सुधारणा रोजच्या तीन वेळांनी केली. ज्या बाईला स्नायू सापडतच नाही तिला आकडा दिसणं मोलाचं. जिला बोटाच्या तपासणीत पहिल्याच दिवशी जमलं तिने पैसे वाचवावे आणि ते फिजिओकडे चार जादा खेपा करायला वापरावे. अक्काला मी यंत्र घे म्हणणार नाही, बसचं तिकीट मी देते म्हणणार.

यंत्र विकायचं मनात आलं, पण फुगा सोडून गेज मॅडमच्या दवाखान्यात ठेवला तर? फुगा प्रत्येकीचा स्वतःचा, गेज सगळ्यांचा. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या विचार करून सांगते. मी गेजचा तपासणी-कागद तयार करून ठेवला आहे, पाण्याच्या पाइपवरचे आकडे घालून.

१७ नोव्हेंबर, रविवार

पॅडची तिसरी परीक्षा: १.६ ग्रॅम. एक ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे गळती अजून आहे. जागेवर धावताना सुटते. खोकताना दहाच्या दहा वेळा कोरडी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या दोघींनी विचारलं, अलीकडं तू पाणी एवढं कसं पितेस? सांगितलं. मग चौघी झाल्या. सुपरवायझरकडे मिळून अर्ज दिला, बायकांचं संडास आमच्या शेडमध्ये हवं. अर्ज कन्नडमध्ये लिहिला, त्या चौघींपैकी एकीने. सह्या सात.

२४ नोव्हेंबर, रविवार

निपाणीहून अक्काचा फोन. बुधवारी येते म्हणाली, शेजारचीला घेऊन. सकाळची पहिली बस.

आजचं: ८ सेकंद, ८ वेळा, तीन फेऱ्या. दोन बिनयंत्राच्या, उभ्याने, एक गेजवर. १७, १६, १७. आरामातला आकडा जागेवर. फुगा साबणाने धुतला, वाळवून डबीत ठेवला. जागेवर धावण्याचा सराव उद्यापासून, रोज दहा पावलांनी सुरुवात.